आई-वडिलांची नावं खोडण्याआधी आम्हाला विचारा

प्रति,
अध्यक्ष, सरचिटणीस आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
तसेच तिन्ही पाळ्यांतले माझे सभासद बंधू आणि भगिनी,

स. न. वि. वि.

लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत मी एकोणीस वर्षं काम करतोय. पहिली तीन वर्षं कंत्राटदाराकडे, मग ट्रेनी, मग परमनंट. परमनंटचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी युनियनची पावती फाडली आणि तेव्हापासून एका महिन्याचीही वर्गणी थकवलेली नाही. हे सांगायचं कारण एवढंच, की गेल्या आठवड्यातल्या गेट मीटिंगमध्ये मी नव्या पगार कराराबद्दल प्रश्न विचारला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "हा कुणाचा माणूस?" मी तुमचाच माणूस आहे. कंपनीचं आणि युनियनचं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही, कारण मला कुणाची अब्रू चव्हाट्यावर आणायची नाही. पण विषय आपल्या गेटच्या आतला राहिलेला नाही. शेजारच्या कारखान्यांतही करार संपत आलेत आणि तिथेही आई-वडिलांना मेडिक्लेममधून काढण्याचं हेच कलम येणार, म्हणून उघड लिहितोय.

त्या दिवशी पाऊस होता. माइक मधेच शिट्टी मारत होता, अर्धी माणसं छत्रीखाली, अर्धी बसच्या पायरीवर. फर्स्टवाले घरी जायच्या घाईत, सेकंडवाल्यांना पंचिंगची घाई. वीस मिनिटांत कराराचे मुद्दे वाचून झाले. साडेआठ हजारांची वाढ ऐकल्यावर टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग एक ओळ वाचली गेली: "वैद्यकीय विमा योजनेचे सुसूत्रीकरण." आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो. मी हात वर करून विचारलं की सुसूत्रीकरण म्हणजे काय. उत्तर मिळालं की सविस्तर नंतर सांगू, गणपतीच्या आधी सही झाली पाहिजे, वाढीचा फरक सणाला हातात यायला हवा.

सविस्तर मला चार दिवसांनी कळलं, तेही कमिटीतल्या एका मित्राकडून, चहाच्या टपरीवर. सध्या ग्रुप मेडिक्लेममध्ये, म्हणजे कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात, आपण, बायको, दोन मुलं आणि आई-वडील आहोत. नव्या करारात आई-वडील बाहेर. उरलेल्यांसाठी दर बिलाचे २० टक्के आपण भरायचे. आणि खोलीच्या भाड्याला विम्याच्या रकमेच्या एक टक्का मर्यादा. या तीन गोष्टी एका शब्दात बसवल्या आहेत.

आईचं सांगतो. आमचं गाव दाभोळ खाडीच्या अंगाला. दोन वर्षांपूर्वी, नवरात्रात, मी सेकंड करून रात्री बारा वाजता घरी पोचलो तर आई ओटीवर भिंतीला टेकून बसलेली. घामाने लुगडं भिजलेलं, बोलताना दम लागत होता. तिचं एकच म्हणणं, "काय नाय, पित्त झालंय." शेजारच्या पोराची गाडी काढली आणि चिपळूण गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी बघितला, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की थांबू नका, पुढे न्या. कोकणात "पुढे न्या" म्हणजे काय ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मुंबई, नाहीतर घाट चढून कराड, नाहीतर कोल्हापूर. आम्ही कुंभार्ली घाट धरला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये माझी बायको सलाइनची बाटली हातात धरून बसली होती, कारण हुक तुटला होता. प्रत्येक वळणाला आईचा हात माझ्या मनगटावर घट्ट व्हायचा.

कराडला पोचलो तेव्हा माझ्या खिशात सात हजार रुपये होते. काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "मेडिक्लेम आहे? पेशंटचं नाव आहे त्यात?" मी मोबाइलमध्ये ई-कार्ड उघडून दाखवलं. खाली चौथ्या ओळीत आईचं नाव होतं. ती ओळ बघून त्याने फाइल आत पाठवली. विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या एजन्सीकडून, म्हणजे टीपीएकडून, एक क्वेरी आली, मधुमेह कधीपासून आहे म्हणून, ती भरून पाठवली आणि पहाटे चारच्या सुमारास मंजुरीचा मेल आला. दोन स्टेंट. बिल दोन लाख चाळीस हजार झालं. मी भरले ते फक्त विम्यात न बसणाऱ्या किरकोळ वस्तूंचे.

आता तेच बिल नव्या करारावर मांडून बघा. आईचं नाव नाही, म्हणजे दोन लाख चाळीस हजार माझ्या डोक्यावर. समजा आईच्या जागी माझी बायको असती, तरी २० टक्क्यांनी अठ्ठेचाळीस हजार भरावे लागले असते. आणि खोलीभाड्याचं कलम तर याहून आत चावतं. तीन लाखांच्या विम्याला एक टक्का म्हणजे रोजचे तीन हजार. रात्री पेशंट घेऊन गेलात आणि सहा हजारांचीच खोली रिकामी मिळाली, तर आपल्याला वाटतं वरचे तीन हजार आपण भरू, झालं. तसं होत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्याला त्याच प्रमाणात कात्री लागते. एक लाख आकारले असतील तर पन्नास हजारच मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावायची नाही असा विमा नियामकाचा नियम आहे, तेवढाच आधार. हे गेटवर किती जणांना समजलं होतं? मला नव्हतं समजलं. मी बसून वाचलं तेव्हा समजलं.

पगारवाढीचंही तसंच. साडेआठ हजार हा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला माझ्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा आहे आणि तो तीन वर्षांत ६०-२०-२० टक्के असा मिळणार आहे. म्हणजे पहिल्या वर्षी पाच हजार शंभर. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, कँटीन आणि बसचा वाढलेला खर्च धरलेला आहे. ते वजा करून, आपला पीएफ कापून, माझ्या हातात साडेतीन हजारांच्या आसपास येतात. आईसाठी वेगळी पॉलिसी काढायची म्हणून मी दोन ठिकाणी चौकशी केली. वय चौसष्ट, मधुमेह, दोन स्टेंट. एकाने नकार दिला. दुसऱ्याने वर्षाचे पस्तीस हजारांच्या पुढे सांगितले, म्हणजे महिन्याचे जवळजवळ तीन हजार. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नाही, ती सवलत धरून हा भाव. वर जुन्या आजारांसाठी तीन वर्षं थांबायचं. ग्रुप पॉलिसीत तिचा मधुमेह पहिल्या दिवसापासून धरला होता. म्हणजे माझी वाढ एका हाताने आली आणि दुसऱ्या हाताने गेली, आणि पुढची तीन वर्षं आईच्या हृदयाला काही झालं तर मी पुन्हा सात हजार खिशात घालून घाट चढणार.

सरचिटणीस साहेब, तुम्ही मला एक गोष्ट आठवून सांगा. आई-वडील मेडिक्लेममध्ये आले कधी? मागच्या करारात. तेव्हा मॅनेजमेंट म्हणाली होती की आई-वडील घ्यायचे असतील तर प्रीमियम वाढतो, तेवढी वाढ कमी घ्या. तुम्हीच आम्हाला कँटीनमध्ये बसवून समजावलं होतं की पोरांनो, हजार रुपये कमी घ्या पण म्हातारी माणसं आत घ्या. आम्ही घेतले. तो माझा पगार आहे. मी तो नोटांमध्ये न घेता आईच्या नावाच्या ओळीत घेतला. आता ती ओळ काढायची असेल तर त्या वेळी सोडलेले पैसे आधी बेसिकमध्ये परत आले पाहिजेत आणि मग नवी वाढ मोजायला सुरुवात झाली पाहिजे. मसुद्यात तसं काही नाही. जे आपण एकदा किंमत देऊन विकत घेतलं ते फुकट परत द्यायचं, आणि त्याला वाढ म्हणायचं, हे मला मान्य नाही.

मॅनेजमेंटचं उत्तर मला माहीत आहे, कारण ते एचआरच्या साहेबांनी सुपरवायझरांमार्फत खाली सोडलेलंच आहे: आता सरकारच्या योजना आहेत. आहेत, आणि चांगल्या आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. बाबांचं वय एक्काहत्तर, त्यांचं कार्ड मी स्वतः जाऊन काढलं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनाही आता सगळ्या रेशनकार्डधारकांसाठी आहे. ज्यांनी ही कार्डं काढली नसतील त्यांनी आजच काढा, करार काहीही होवो. पण आई सत्तरची व्हायला सहा वर्षं आहेत. राज्याच्या योजनेत उपचार ठरलेल्या यादीतले आणि हॉस्पिटलंही यादीतली. मध्यरात्री घाट चढताना यादी शोधत बसता येत नाही. आणि सरकार नागरिक म्हणून मला जे देतं, त्याच्या बदल्यात मालकाने माझ्या मजुरीतून तेवढं कापून घ्यावं, हा कुठला हिशोब?

तरुण सभासदांशी थोडं बोलायचं आहे. पॅकिंगच्या आणि युटिलिटीच्या नव्या पोरांचं म्हणणं मी ऐकलंय. आई-वडील पन्नाशीचे, धडधाकट, स्वतःवर घराचा नाहीतर गाडीचा हप्ता, त्यांना रोख रक्कम हवी. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी पंचवीसचा असतो तर मीही तसंच बोललो असतो. फक्त एक ध्यानात घ्या की समेट अधिकाऱ्यांसमोर झालेला करार युनियनच्या सभासदांपुरता नसतो, तो सगळ्या कामगारांवर आणि नंतर भरती होणाऱ्यांवरही बंधनकारक असतो. करारातून एकदा गेलेलं कलम परत आणायला किती करार लागतात ते जुन्या माणसांना विचारा. तुमचे आई-वडील साठीचे होतील तेव्हा मी निवृत्त झालेला असेन. मतदान करताना माझी आई बघू नका, तुमची बघा.

माझे बाबा गिरणीत होते. लालबागला, विव्हिंग खात्यात. खेड-चिपळूण-गुहागरच्या कुठल्या घरातला माणूस नव्हता तेव्हा गिरणीत? गावाला मनीऑर्डर यायची आणि त्यावर चूल पेटायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात बाबाही होते. तो संप कुणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही. बाबा गावी आले ते कायमचे, आणि दुसऱ्यांच्या आंब्याच्या कलमांच्या बागांत मजुरी करत म्हातारे झाले. संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांच्याबद्दल ते आजही आदराने बोलतात. संप बरोबर की चूक यावर आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. पण एक गोष्ट ते दर वेळी तशीच सांगतात: मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता, आणि ती युनियन सही करून यायची तेव्हा आम्हाला कुणी विचारलेलं नसायचं. तो कायदाच रद्द करा ही संपातली एक मागणी होती. माणसं एवढी पेटली ती नुसत्या बोनसच्या आकड्यासाठी पेटली नाहीत.

बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचं ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेचं, कार्ड अजून आहे. कडा झिजल्यात, शाई तपकिरी झालीय. त्यावर आईचं नाव आहे आणि माझ्या आजा-आजीचंही. त्या कार्डावर आजाला परळच्या हॉस्पिटलात दाखवलं होतं. ईएसआयमध्ये कामगाराच्या कुटुंबात त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडील धरले जातात. आपला पगार एकवीस हजारांची मर्यादा ओलांडून गेला म्हणून आपण त्या योजनेच्या बाहेर पडलो आणि मेडिक्लेमवर आलो. आपल्या रसायनांच्या रिअ‍ॅक्टरमध्ये उतरून सफाई करणारा कंत्राटी कामगार आजही ईएसआयमध्ये आहे, त्याच्या कार्डावर त्याच्या आईचं नाव राहणार आणि आपल्या कार्डावरून जाणार. (त्या कंत्राटी पोरांसाठी या मसुद्यात एक ओळही नाही, यावर वेगळं लिहीन.)

युनियनच्या राजकारणावरही बोलतो, कारण सगळे त्याबद्दल कुजबुजतात आणि उघड कुणीच बोलत नाही. बाहेर दुसऱ्या झेंड्याची माणसं फेऱ्या मारतायत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीचा एकट्याचा हक्क हवा असेल तर मस्टरवरचे ५१ टक्के कामगार मागे असावे लागतात. ते नसतील तर २० टक्के असलेल्या प्रत्येक युनियनला वाटाघाटी परिषदेत खुर्ची मिळते. कार्यकारिणीला धाक आहे की आता फूट पडली तर मालक फायदा घेईल. धाक खरा आहे, मलाही आहे. पण म्हणून "आता प्रश्न विचारू नका" असं सांगितलंत तर ते ५१ टक्के टिकतील कसे? ज्याला उत्तर मिळत नाही तो सभासद भांडायला येत नाही. तो गप्प बसतो आणि सभासदसंख्येच्या पडताळणीच्या दिवशी दुसरीकडे सही करतो. माझ्यासारखा ओरडणारा माणूस अजून तुमच्याकडे आहे, त्याला धरून ठेवा.

आणखी एक भीती घातली जातेय की नाही म्हटलं तर संप करावा लागेल आणि संप करायची आपली ताकद नाही. करार नाकारणं म्हणजे संप नव्हे. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते, समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही, आणि तो आज कुणी मागतही नाहीये. नाही म्हणजे टेबलावर परत जा आणि एवढं एक कलम बदलून आणा. मुदत संपली म्हणून जुना करार रातोरात रद्द होत नाही, रीतसर नोटीस देऊन तिची मुदत जाईपर्यंत तो लागू राहतो. नोकरीच्या शर्ती आपल्या विरोधात बदलायच्या तर मालकालाही २१ दिवसांची सूचना द्यावी लागते. म्हणजे या गणपतीला फरक मिळाला नाही तर सण थोडा हात आखडून करू. आमच्या घरी गणपती दीड दिवसाचाच असतो, भजनी मंडळींना चहा आणि उसळ पुरते.

आता मागणं. कायदा करारावर सभासदांचं मतदान सक्तीचं करत नाही, पदाधिकाऱ्यांच्या सह्या पुरतात, हे मला ठाऊक आहे. पण वर्गणी घेताना आपण एकमेकांना जे म्हणतो त्याला जागून मतदान घ्या. पूर्ण मसुदा मराठीत, विम्याच्या परिशिष्टासकट, नोटीस बोर्डावर लावा आणि प्रत्येक पाळीला छापील प्रती द्या. आकडे सीटीसीत नकोत, बेसिक-डीए किती, भत्ते किती आणि पहिल्या महिन्यात हातात किती ते लिहा. वाचायला दहा दिवस द्या. मग मतपेटी ठेवा. हात वर करून नको, कारण गेटवर सुपरवायझर उभे असतात आणि ट्रेनी पोरांचे हात कुणाकडे बघून वर जातात ते आपण सगळे बघतो. विम्याच्या कलमावर वेगळी चिठ्ठी ठेवा, म्हणजे पगारवाढ मान्य असूनही हे कलम नको असणाऱ्याला तसं सांगता येईल. नाइटवाल्यांना सकाळी सुटताना मत देता आलं पाहिजे. मतमोजणी कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर. निकाल कराराच्या बाजूने लागला तर मी तो मानेन आणि सहीच्या दिवशी तुमच्यासोबत उभा राहीन, हे इथे लिहून देतो.

एक जास्तीची मागणी, जी या करारात बिनपैशाची आहे. दरवर्षी आपलं रक्त काढतात, फुंकर मारायला लावून फुप्फुसं तपासतात, आणि कागद परत कधी हातात येत नाही. भोपाळची वायुगळती १९८४ ला झाली, त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याच्या आरोग्याची नोंद ठेवणं आणि ती त्याला बघू देणं मालकावर बंधनकारक झालं. एकोणीस वर्षांत मी माझा रिपोर्ट एकदाही बघितलेला नाही. सॉल्व्हंटचा वास माझ्या शर्टातून दोन धुण्यांनीही जात नाही, बायको माझे कपडे वेगळे भिजवते. आत काय साचलंय ते मला कळायला हवं. प्रत्येकाला त्याच्या तपासणीची प्रत मिळेल, एवढी एक ओळ मसुद्यात घाला.

आई बरी आहे. सकाळी उठून चुलीवर भाकऱ्या करते, गोळ्या वेळेवर घेते. करारातलं हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मतदान घेतायत का ते बघ आधी."

या आठवड्यात मी नाइटला आहे. मंगळवारी सकाळी सात वाजता सुटलो की गेटजवळच्या शेडमध्ये थांबतो. कार्यकारिणीतल्या कुणीही यावं आणि मसुद्याची एक प्रत आणावी. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांना मी वाचून दाखवीन, बस सुटली तरी चालेल.

आपला,
आपल्याच युनियनचा एक सभासद
लोटे परशुराम, ता. खेड, जि. रत्नागिरी